मापाची वही

पान एकशे बारा. शिर्के, तारामती.
खांदा साडेचौदा, बाही एकवीस,
कमरेपुढे नुसती रेघ. ती हसत सुटली होती,
टेप घसरला, तो आकडा राहूनच गेला.

शाळेत म्हणे या नावावरून पोरी चिडवायच्या,
पणजीचं नाव, पितळी डब्यासारखं जड.
आता तेच तिनं पोस्टरवर घातलं,
गुलाबी, तिरक्या अक्षरांत, शेपटाला चांदणी.

खारीवाव रोडला जिन्याखाली माझं दुकान.
मास्तर, म्हणाली, जुन्या जमान्यातलं शिवायचंय.
खांदे फुगलेले, पाय खाली घंटेसारखे,
आणि कापड असं, की दिवा पडला की फुटलं पाहिजे.
मोबाइलमध्ये तिनं एक फोटो दाखवला,
कुठल्याशा ऑर्केस्ट्राचा, कडेनं पिवळा.
मी चष्मा कपाळावर चढवला.

पोरी, तुझा जुना जमाना म्हणजे माझी तिशी.
हा चंदेरी झगमगाट याच मशीनवर शिवलाय.

हंसा पोतनीस. त्र्याऐंशीचे गणपती,
दहा दिवसांत सहा कार्यक्रम, घसा बसला तरी
टाचा उचलून गायची.
तिच्या नावापुढे एकच माप आहे.
पुढच्या वर्षी तिचा नवरा आला,
उरलेलं कापड घेऊन गेला.
उशीला होईल, म्हणाला.

फर्मा तेवढा खिळ्यावर राहिला,
जुन्या वर्तमानपत्राचा, एक बाही उंदरांनी खाल्लेली.
तारामतीच्या पाठीवर लावून पाहिला.
अर्धा इंच आत घेतला, बस.

पहिला कार्यक्रम मांजलपूरच्या हॉलमध्ये.
सत्तर खुर्च्या, अकरा माणसं, त्यांत मी.
शब्द मराठी, ठेका डिस्कोचा,
पण हात बडोद्याचे, ते ऐकतात कुणाचं?
चारच्या ठेक्यात गरब्याच्या तीन टाळ्या.
ती गाता गाता थांबली, ऐकत राहिली,
आणि पुढच्या गाण्यात
चौथ्या टाळीची जागा मोकळी सोडली.
त्या रिकाम्या जागेवर, लोक सांगतात,
पुण्यात पोरं उड्या मारतात.

एकदा फोन मशीनपाशी ठेवून म्हणाली,
मास्तर, नुसतं चालवा, कापड नको.
मी पायडल मारत बसलो वेड्यासारखा,
दहा मिनिटं, हवा शिवत.
समोरचा सुतरफेणीवाला बघत होता.

मग कंपनी आली. हिंदीत गा म्हणाली.
दोन गाणी गायली तिनं, मी ऐकली,
चांगली होती, कुणाचीही असती.
कपडे मुंबईचा कुणी डिझायनर करायचा.
वहीत सव्वादोन वर्षं तिची नोंद नाही.

माझे गुडघे गेले. मशीनला मोटर बसवली.
आता ते घुंईऽऽ करतं, डासासारखं.
परवा रावपुऱ्यातून वरात चालली होती,
गाडीवर भिंतीएवढे स्पीकर,
रस्त्यावर नाचणाऱ्यांत नवरदेवाचा आजासुद्धा,
आणि तिच्या आवाजाच्या खाली, अगदी तळाशी,
खटखट खटखट, मधेच एक लंगडी खट,
पट्ट्याला गाठ मारलेली होती ना, तिथली.
मी फुटपाथवर उभा राहिलो.
माझा उजवा पाय आपोआप हलत होता.

ती काल आली. केस आखूड, डोळ्यांखाली काळं.
कंपनी सोडली, म्हणाली, पुन्हा मराठीत करतेय.
टेप काढला. खांदा तोच. कमर, पहिल्यांदाच,
तिनं स्थिर उभं राहून मोजू दिली.
एकतीस. लिहिलं.

मग पान उलटता उलटता तिनं विचारलं,
या हंसाबाई, मास्तर, अजून आहेत का?

पत्ता आहे वहीत, वाडी भागातला,
शाई फिकी झाली तरी वाचता येतो.
मी खडू शोधत राहिलो बराच वेळ.
कापड किती आणलंयस, विचारलं.
पाच मीटर, म्हणाली.
पाच कशाला? तुला साडेतीन पुरे.

ती काही बोलली नाही.
मी नवं पान काढलं.